परमनंट काकू

आमच्या गाडीचे ड्रायव्हर तिला 'परमनंट काकू' म्हणायचे. बाकीचे प्रवासी म्हणजे हंगामी. आले, समुद्र पाहिला, ओकले, फोटो काढले, गेले. ही एकटी कायम. सहल संपायची, दुसरी सुरू व्हायची, आणि गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीपाशी ही आपली बसलेलीच. नवा क्लीनर कामावर आला की जुना त्याला आधी रेडिएटरचं पाणी दाखवायचा, मग टायर, मग काकू.

मी टूर मॅनेजर. म्हणजे नाव मॅनेजर, बाकी पडेल ते काम. पहाटे खोल्यांची दारं बडवायची, शिट्टी फुंकायची, झेंडा धरून पुढे चालायचं, लॉंचमध्ये कुणाला मळमळलं तर पिशवी पुढे करायची, आणि नवरा-बायकोच्या भांडणात दोघांनाही बरोबर म्हणायचं. आमचा मार्ग ठरलेला. आधी बंदराचं शहर आणि दीपगृह, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं दोन-तीन गावं, मग लॉंचनं बेटं, आणि परत. लोकांना वाटतं काय नशीब बाईचं, रोज समुद्र! अहो, रोज समुद्र म्हणजे रोज ओली चप्पल, रोज कपड्यांत वाळू, आणि हॉटेलच्या खोल्यांना तो कुबट वास. माझ्या घरी भिंतीवर लाटांचं कॅलेंडर कुणी लावलं तर मी ते फाडून टाकेन.

काकू पहिल्यांदा आली तेव्हा अख्खं कुटुंब सोडायला आलं होतं. मुलगा, सून, आणि सुनेच्या कडेवर नात. मुलगा वाकून तिच्या पाया पडला, सगळ्यांना दिसेल असं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आईनं आयुष्यात काही पाहिलं नाही हो. सगळी हयात हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरी धुण्यात गेली. मला शिकवलं तिनं. आता तिचं सुख बघायचंय." माझे डोळे पाणावले. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते, पण तेव्हा पाणावले हे खरं.

घराचं काम काढलं होतं म्हणे. फरशी, मोरी, वायरिंग. घर काकूचं. नवरा लवकर गेला, त्यानंतर जादा पाळ्या करून, फंडाचे पैसे घालून तिनं ते घेतलं होतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. धूळ उडणार, आईला दमा, म्हणून आईनं जरा फिरून यावं. ऐकायला किती बरं वाटतं!

त्या पहिल्या सहलीत काकूनं समुद्र पाहिला आणि म्हणाली, "बरं आहे. पण एवढं पाणी आणि प्यायला एक थेंब नाही, हे काय कामाचं?" बेटावर सगळे पोहायला गेले, तिनं घोट्यापर्यंत पाय बुडवले आणि बाहेर येऊन पदराच्या टोकानं बोटांमधली वाळू पुसत बसली. हॉटेलात सकाळी उठली की स्वतः चादर काढायची, घडी घालायची, घडी अशी की कडा सुरीनं कापल्यासारख्या. खोल्या झाडणाऱ्या बायका तिच्यावर खूश. संध्याकाळी तिचं एकच चालायचं. "आत्तापर्यंत फरशी बसली असेल. उद्या-परवा रंग लावतील. मी गेल्यावर आधी पिंप घासून घेणार."

सहल संपली. आमच्या डेपोवर प्रत्येकाचं माणूस घ्यायला आलेलं. काकूचा मुलगाही आला, हातात नवी बॅग. "आई, फरशी ओली आहे अजून. पाय ठेवायला जागा नाही. आणखी एक चक्कर मारून ये ना. मी बुकिंग केलंय." मळक्या कपड्यांची बॅग त्यानं घेतली, धुतलेल्या कपड्यांची तिच्या हातात दिली. काकू बॅगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग काय, ओल्या फरशीवर पाय उमटतील." आणि परत गाडीत चढली.

दुसऱ्या खेपेला फरशीत भेग निघाली. तिसऱ्याला गवंडी पळाला. चौथ्याला मुलगा आलाच नाही, त्याचा ड्रायव्हर आला. बॅग दे, बॅग घे. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, आजी. मजा करा म्हणालेत." पुढे पुढे तर ड्रायव्हर खाली उतरायचाही नाही. काच खाली करायचा, बॅग बाहेर सरकवायचा. दुधाची पिशवी टाकतात ना दारात, तसं.

आणि गाडीतल्या बाकीच्या बायका! त्यांना ही गोष्ट कळली की त्यांची तोंडं बघावीत. "कित्ती सहली घडवतो हो तुमचा मुलगा! आमचा साधा फोन करत नाही." एका बाईनं तर माझ्यासमोर मुलाला फोन लावून झापलं, "शीक जरा! इथे एक काकू आहेत, त्यांचा श्रावणबाळ त्यांना घरीच येऊ देत नाही इतकं फिरवतो!" मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, नाहीतर हसले असते नाहीतर तिच्या झिंज्या धरल्या असत्या. काकू मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हो, फार करतो माझं."

मला गोम कळायला वेळ लागला नाही. आईला आश्रमात ठेवलं की चार लोक नावं ठेवतात. आईला सहलीला पाठवलं की तेच चार लोक नावाजतात. सुंठीवाचून खोकला गेला. वर फोटो! रोज संध्याकाळी मुलाचा निरोप यायचा, आईचा समुद्राजवळचा फोटो पाठवा. तो फोटो तो सगळ्या नातेवाइकांना धाडायचा. एकदा काकूला खोकला झाला, ती खोलीतच झोपून होती. तर साहेबांचा फोन, "मॅडम, बाल्कनीतून तरी समुद्र दिसत असेल ना? तिला जरा बाल्कनीत बसवा की." मी म्हटलं, ताप आहे त्यांना. तर म्हणतो, "मग टोपी घाला."

मी आमच्या मालकाकडे गेले. म्हटलं, साहेब, हे बरोबर नाही, त्या बाईला घरी जायचंय. मालक दात कोरत म्हणाला, "प्रत्येकालाच घरी जायचं असतं. मला नाही का जायचं?" मग त्यानं काय केलं असेल? काकूचा टोपीतला फोटो आमच्या जाहिरातीवर छापला! 'आईला द्या समुद्राची भेट.' आणि तुम्हाला सांगते, आठवड्याभरात चौकशीचे फोन सुरू. सगळी मुलंच. सगळ्यांचा एकच प्रश्न, खालच्या आवाजात, "लागोपाठ बुकिंग घेता का हो?" वर तोंड करून मला सांगितलं मालकानं, "त्या म्हातारीला सांभाळ. लक्ष्मी आहे ती." घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे तर घर जागेवर होतं आणि बाई फिरत होती.

काकूची एकच गोष्ट मुलानं तोडली नव्हती. नातीशी फोन. तोसुद्धा त्याच्याच फोनवरून, चित्रासकट, आठवड्यातून एकदा. काकू त्यासाठी केस विंचरून किनाऱ्यावर जाऊन बसायची, कारण नातीला मागे लाटा लागायच्या. "आजी, आज मासा दाखव. आजी, आज बोट दाखव." सोडायला आली तेव्हा कडेवर असलेली पोर आता शाळेत जायला लागली होती, स्पष्ट बोलत होती. एकदा तिनं विचारलं, "आजी, तू बेटावरच जन्मलीस का?" काकू हसली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "बघ बाई, मला माहेर मिळालं म्हातारपणी."

ती चिडायची नाही, याचाच मला राग यायचा. मी तिला चार वेळा म्हटलं असेल, काकू, सरळ घरी चला, तुमचं घर आहे, कोण अडवतो बघू. ती म्हणायची, "जाऊन काय करू? उघड्या वायरी, सिमेंटची पोती. त्यालाही त्रास, मलाही त्रास. पूर्ण होऊ दे, मग जायचंच आहे." तिला खरंच वाटायचं काम चालू आहे. म्हणजे असं मला वाटायचं. खरं तर तिला तसं वाटून घ्यायचं होतं. आपला मुलगा खोटं बोलतो यापेक्षा गवंडी चोर आहे, हे मानणं सोपं.

मग एका खेपेला डेपोवरून वेगळीच कपड्यांची बॅग आली. आम्ही सगळ्यात लांबच्या बेटावर होतो. दुपारची वेळ, लोक काचेच्या तळाच्या बोटीतून मासे बघायला गेलेले, आणि काकू धक्क्यावर बॅग उघडून बसलेली. मला हाक मारली. "अगं, इकडे ये. हे बघ." बॅगेत सगळे कोरे कपडे. लेबलं कापलेली, पण घड्या दुकानातल्या. कागदसुद्धा मध्ये तसाच.

मी म्हटलं, "चांगले आहेत की. नवे घेतले मुलानं."

"हो, पण जुने कुठे गेले?" ती म्हणाली. "माझे कपडे माझ्या कपाटात असतात. आत्तापर्यंत तिथलेच यायचे. निळी साडी, खांद्यावर शाईचा डाग असलेली, ती प्रत्येक दुसऱ्या बॅगेत असायची. मागच्या दोन बॅगांत ती नाही. आता तर काहीच नाही." एक एक कपडा तिनं मांडीवर घेतला, चोळून बघितला, खाली ठेवला. "ह्यानं माझं कपाट काढलं गं."

मी घड्यांमधले कागद उगाच गोळा करायला लागले.

"लोक कपाट कधी काढतात?" तिनं विचारलं. "हॉस्पिटलात पेशंट गेला की आम्ही त्याच्या कपाटातल्या वस्तू काढायचो. पेशंट परत येणार असला तर हात लावायचो नाही." मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कशीबशी. "या खेपेला मी घरी जाणार. एक रात्र तरी माझ्या घरात झोपणार. वायर लागून मेले तरी चालेल, पण तिथेच. तू येतेस का सोबत, का मी एकटी जाऊ?"

मी म्हटलं, येते. मालक काय करणार होता? फार तर नोकरीवरून काढणार. अशा नोकऱ्या मी कानाच्या मळासारख्या काढून टाकल्यात. हे तोंडानं म्हटलं हो, मनात पगाराचा हिशेब सुरू झालाच होता.

परतीच्या लॉंचमध्ये काकूचा नूर पालटला. जी बाई सगळ्या प्रवासात खिडकीबाहेर बघायची, ती शेजारणींना घरातल्या गोष्टी सांगू लागली. स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारी ऊन कसं येतं, पलंग भिंतीला चिकटून का लावला, पहाटे नळाला पाणी आलं की पिंपात पडायचा आवाज कसा. "मी त्या आवाजानंच उठते," म्हणाली. "इथे हॉटेलात फोन वाजवून उठवतात, आग लागल्यासारखं." बंदरावर तिनं नातीसाठी शिंपल्यांची बाहुली घेतली. विक्रेत्याशी इतकी घासाघीस केली की तो म्हणाला, आजी, फुकट न्या पण जा. इतकी वर्षं त्या धक्क्यावरून गेली, पहिल्यांदाच काही विकत घेतलं तिनं. मुक्कामाला पोचणाऱ्या माणसानंच काही विकत घ्यावं, असं तिचं म्हणणं.

डेपोवर पुढच्या फाटकाशी मुलाची गाडी उभी होती, काच खाली, बॅग तयार. आम्ही मागच्या फाटकानं सटकलो. मला शाळा बुडवल्यासारखी मजा वाटत होती, खोटं कशाला सांगू. टॅक्सीत काकू ताठ बसलेली, मांडीवर पाकीट, पाकिटात घराची किल्ली. वळणं तीच सांगत होती. "इथे डावीकडे. आता तो औषधवाला येईल. आला बघ."

इमारतीच्या खाली नवा वॉचमन. त्यानं काकूला विचारलं, "कुणाकडे पाहुण्या?"

काकू म्हणाली, "माझ्याकडेच." तो हसला. त्याला वाटलं आजी थट्टा करतेय.

तिसऱ्या मजल्यावर चढताना ती दोनदा थांबली, दम लागला म्हणून. दार नवं होतं. गुळगुळीत, काळं, वर मुलाच्या आणि सुनेच्या नावाची पितळी पाटी. खाली आधी तिच्या नावाची लाकडी पाटी होती, असं तिनं बोटानं दाखवलं, पण तिथे आता खिळ्याचं भोकसुद्धा राहिलेलं नव्हतं. किल्ली तिनं लावून बघितली. कुलूपच दुसरं. किल्लीचं टोकही आत जाईना.

दाराशेजारी गॅलरीतून आतल्या खोलीची खिडकी दिसत होती. ती तिची खोली. मी वाकून बघितलं, तीही वाकली. फरशी चकाचक, केव्हाची बसलेली, कोपऱ्यात तिच्यावर डागसुद्धा पडलेले. पलंग नाही. कपाट नाही. पळायचं मशीन होतं, आणि त्यावर टॉवेल वाळत घातलेले. मशीनवर कुणी पळत नव्हतं, हे मला टॉवेलांवरून कळलं. काकूनं जिथे पलंग होता त्या भिंतीकडे बघून घेतलं, आणि बेल दाबली.

आतून पावलं आली, छोटी. "कोण आहे?"

"अगं, मी! आजी!" काकूचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज. "उघड, सोने. आले मी."

पोर म्हणाली, "आजी बेटावर आहे."

"अगं, तिथूनच आले ना. बघ, तुला काय आणलंय."

"नाही. आजी समुद्राजवळ असते. ती इथे नसते." आवाज कापायला लागला होता. "आई खाली गेलीये. मी एकटी आहे. मी बाबांना फोन करते."

तिनं केला, स्पीकरवर. दारामागेच उभी होती, त्यामुळे सगळं बाहेर ऐकू येत होतं, बापाचा आवाजसुद्धा. पोर म्हणाली, "बाबा, दाराबाहेर एक म्हातारी बाई आहे. ती म्हणते मी आजी आहे."

पलीकडे तो थोडा वेळ गप्प होता. त्याला कळलं होतं. डेपोवर आई सापडली नाही, हे ड्रायव्हरनं सांगितलंच असणार. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, उघड गं दार. मला अजून वाटतं, त्या क्षणी त्याच्या तोंडापर्यंत ते आलं असेल. पण नाही.

"उघडू नकोस, बेटा," तो म्हणाला. अगदी मऊ आवाजात. "आजी बेटावर आहे ना? आपण बोललो की रविवारी. ही दुसरीच कुणीतरी असेल. चोर असतात असे. ती जाईल आपोआप."

पोर रडायला लागली. "बाबा, ती जात नाहीये!"

मी दारावर मूठ उगारली. दार फोडलंच असतं, नाहीतर हात मोडून घेतला असता. काकूनं माझं मनगट धरलं. चादरी पिळून पिळून त्या हातात काय जोर होता! म्हणाली, "थांब. लेकरू एकटं आहे आत. घाबरलंय."

मग ती दाराशी वाकली आणि म्हणाली, "रडू नकोस गं. माझंच चुकलं. मला वरच्या मजल्यावर जायचं होतं. तुझी आजी बेटावरच आहे. मी जाते हं, बघ, गेले."

शिंपल्यांची बाहुली तिनं दाराशी ठेवली. मग विचार केला आणि परत उचलली. पोर अजून घाबरली असती.

आम्ही एक मजला उतरलो आणि माझा फोन वाजला. साहेब. "मॅडम, तुम्ही टूर मॅनेजर आहात की समाजसेविका? माझ्या मुलीला केवढा धक्का बसला, कल्पना आहे? तुमच्या मालकांशी बोललोय मी. आजच्या गाडीत आईची सीट आहे, तिला नेऊन बसवा. आणि तिला सांगा, काम थोडंच राहिलंय."

मी त्याला काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या सात पिढ्या काढल्या, मग लक्षात आलं की त्यातली एक पिढी माझ्या शेजारी उभी आहे. काकूनं हात पुढे केला. "दे इकडे."

तिनं फोन कानाला लावला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर म्हणेल सुखी राहा बाबा. आमच्या बायका हेच म्हणतात शेवटी.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "पोरगी हुशार आहे तुझी. बापानं सांगितलं की आजीलाही दार उघडत नाही. म्हातारा झालास ना, की तिच्याकडेच राहायला जा."

पलीकडून तो "आई, आई" करत होता. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि कठडा धरून उरलेल्या पायऱ्या उतरू लागली.